नऊ वर्षांची बांधणी

"दुखणं जात्याला सांगावं, माणसाला सांगू नये."

पासष्ट वर्षं झाली, तरी अम्माचा हा आवाज दादामियाँच्या कानांत जशाचा तसा होता. सिंहगडाच्या पायथ्याच्या गावातून ती पुण्याच्या पेठेत सून म्हणून आली, तेव्हा बरोबर दोनच गोष्टी आणल्या, असं त्यांचे अब्बा थट्टेनं म्हणायचे. एक जातं आणि एक मराठी. बाइंडिंगच्या दुकानामागच्या खोलीत पहाटे जातं फिरू लागलं, की पिठाबरोबर ओवी सांडायची.

लेक बोलती ग बोलती, जसा पाट पाण्याचा
कोण अडवील बाई, वाफा माझ्या ग मळ्याचा

ओवीतली लेक पाटासारखी बोलायची. अम्मा स्वतः मात्र कधी बोलली नाही. पोटात कळ यायची त्या दिवशी ओव्या वाढत, एवढंच. ओव्या जास्त म्हणजे दुखणं जास्त, हे दादामियाँना ती गेल्यावर उमगलं. पुढं घराण्यात त्या सोसण्याची एक मोठी गोष्ट होऊन बसली. दादामियाँनी ती नातीलाही सांगितली होती, मोठ्या अभिमानानं. जैनब तेव्हा दहा वर्षांची, हाताला सलाइन, ओठ सोललेले. "तू कुणाची पणती आहेस, माहितीये? माझ्या अम्माची. हूं की चूं करायचं नाही." आणि जैनबनं खरंच हूं की चूं केलं नव्हतं.

आज, मे महिन्यातल्या रविवारी, शुक्रवार पेठेतून धायरीला रिक्षानं येताना दादामियाँच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक होतं. दोन दिवस दुकान अर्धं बंद ठेवून त्यांनी ते बांधलं होतं. त्यांच्या दुकानावर पाटी होती, 'बांधणी पक्की होईल. घाई होणार नाही.' पण या कामाला त्यांनी घाई केली होती, कारण उद्या सोमवारी जैनब लहान मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाणार होती. नऊ वर्षांची फाइल. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डं, सगळं लाल नाडीच्या एका फुगलेल्या फाइलीत कोंबलेलं. नातीनं नव्या डॉक्टरांसमोर ती फाटकी फाइल घेऊन जावं? दप्तरबांधणी करणाऱ्याच्या नातीनं?

गुरुवारी त्यांनी ती मुलाकडून, फैझलकडून, गुपचूप मागवून घेतली होती.

*

घरात शिरले, तेव्हा वाद पेटलेलाच होता.

"आत मीच जाणार," मेहनाज म्हणाली. तिच्या हातात डाव होता आणि बोलणं फैझलकडे बघून चाललं होतं. "पोरगी अठराची झाली म्हणून आतडं काही रातोरात शहाणं होत नाही."

"अगं, नव्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. पहिली दहा मिनिटं पेशंट एकटी. मग घरच्यांना बोलावणार."

"दहा मिनिटांत ती काय सांगणार?" कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आयेशा फुफी बोलली. फैझलची थोरली बहीण. येरवड्याहून सकाळीच आली होती, पिशवीत दोन दुधी घेऊन. नऊ वर्षं ती या घरात दुधीच आणत होती. "आपलं नाव सांगेपर्यंत दहा मिनिटं संपतील पोरीची. आणि तरण्याताठ्या डॉक्टरासमोर संडासाच्या गोष्टी? तौबा. मेहनाज बरोबर बोलतेय."

"आपा, ते पंचावन्न वर्षांचे आहेत."

"तरी डॉक्टरच ना."

फैझल पाटबंधारे खात्यात होता. खडकवासल्याच्या पाण्याची पातळी रोज सकाळी वर कळवणं हे त्याचं काम. "कमाल आहे," तो म्हणाला. "धरणात किती पाणी आहे ते मी अख्ख्या पुण्याला सांगतो. माझ्या घरात काय चाललंय ते मला कोणी सांगत नाही. अगं आपा, हे आजचं नाही. सुरुची मॅडम वर्षभर हीच तयारी करून घेतायत."

ते खरं होतं. डॉ. सुरुचींनी जैनबला दहाव्या वर्षापासून सांभाळलं. क्रोन्स हे नाव या घरानं पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. आतड्याला सूज येते, जखमा होतात, कधी शांत होतं, कधी उसळतं, पण जन्मभर बरोबर राहतं. गेल्या वर्षापासून त्या प्रश्न विचारताना मेहनाजकडे न बघता जैनबकडे बघू लागल्या होत्या. भूक कशी आहे, जैनब? मेहनाज म्हणायची, "बरी आहे." संडासला किती वेळा, जैनब? मेहनाज म्हणायची, "दोनदा." शेवटी एकदा मॅडम पेन खाली ठेवून हसल्या होत्या. "मेहनाजताई, पोट कुणाचं आहे?"

एप्रिलच्या शेवटच्या भेटीत त्यांनी नव्या डॉक्टरांना, डॉ. पुष्करांना, स्वतःचं पत्र पाठवलं आणि जैनबला एक काम दिलं. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या शब्दांत एक पान लिहायचं. मला काय झालं, काय चाललं, काय चाललं नाही, आज मी कशी आहे. आणि जाता जाता म्हणाल्या होत्या, "आजार शांत असतानाच मी मुलांना पुढं पाठवते. उसळला असेल तर थांबवून घेते. तुझा शांत आहे. जा."

जैनबला दापोलीला शेतकी शिकायला जायचं होतं. मेहनाजची अट एकच होती. आधी मोठ्यांच्या दवाखान्यात नीट बस्तान बसू दे, मग होस्टेलचं नाव काढ. म्हणजे उद्याच्या दारातूनच दापोलीची वाट जात होती.

"ते पान मी आज दुपारी लिहून टाकते," मेहनाज म्हणाली. "फाइल समोर घेतली की तासाभराचं काम. ती खाली सही करेल."

दादामियाँ दारातच उभे होते. त्यांना याहून चांगली वेळ मिळाली नसती. "फाइल घ्या मग," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र सोडलं.

गर्द हिरवं कापड. पाठीवर सोनेरी अक्षरांत 'जैनब', खाली बारीक 'वय नऊ ते अठरा'. आत जुजबंदी शिवण, पानांचे जुडगे एकेक करून दोऱ्यानं गुंफलेले, की पुस्तक कुठंही उघडलं तरी सपाट पडावं. आणि तिन्ही कडा अशा, की हात फिरवला तर काचेवरून फिरतोय असं वाटावं. फैझलची छाती आपोआप पुढं आली. "मेहनाज, बघ. लायब्ररीत ठेवावं असं झालंय." आयेशा फुफी खुर्चीतून उठली, पदराला हात पुसून तिनं कापड चाचपलं. "अब्बा, हात अजून विशीतला आहे तुमचा."

मेहनाजनं डाव ठेवला. पुस्तक उघडलं. एक पान उलटलं, दुसरं, मग मधलं कुठलं तरी. मग पटापट दहा-बारा.

"अब्बा," ती म्हणाली, "कडेचं कुठं गेलं?"

"कसलं कडेचं?"

"माझं लिहिलेलं. समासातलं."

दादामियाँनी चष्मा पुसला. त्यांना आठवलं. पेन्सिलीचं, लाल पेनाचं, काहीतरी बारीक बारीक होतं खरं. केसपेपर मोठे, लॅबच्या चिठ्ठ्या लहान, डिस्चार्ज कार्डं आडवी. सगळं एका मापात यायला हवं होतं. त्यांनी गठ्ठा कापायच्या यंत्रात धरला होता आणि दांडा ओढला होता. तीनदा. तिन्ही बाजूंनी.

*

मेहनाज महापालिकेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायची. समासात लिहिणं ही तिची सवय, जशी कुणाला दाराची कडी दोनदा बघण्याची असते. डॉक्टरांनी सांगितलेलं लाल पेनानं, स्वतःला दिसलेलं पेन्सिलीनं. रिपोर्टात नुसता आकडा असतो. त्या दिवशी पोरीनं काय खाल्लं, कोणत्या गोळीनं काय झालं, कधी वजन घटलं आणि कधी ती पहिल्यांदा पुन्हा हसली, ते सगळं समासात होतं. नऊ वर्षं तिनं मुलीचं पोट त्या बोटभर जागेत सांभाळलं होतं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं फैझलला वाटलं.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं त्याला विचारलं.

"फाइल मी दिली. कापणार ते माहीत नव्हतं."

"दिली. मला न सांगता."

"तुला सरप्राइज..."

"मिळालं."

आयेशा फुफीनं बाजू बदलायला क्षणही लावला नाही. "अब्बा, गिऱ्हाइकाला तर तुम्ही दहादा विचारता. समास किती ठेवू, मालक? कड कापू का, मालक? मी लहानपणापासून ऐकत आलेय."

दादामियाँ खाली बसले. "पन्नास वर्षं विचारलं," ते म्हणाले. "परक्याला विचारायचं असतं. घरच्याचं आपल्याला कळतंच, असं वाटलं." मग म्हणाले, "माफ कर, मेहनाज." सुनेची माफी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मागितली. ती कशी मागायची हे ठाऊक नसल्यामुळं मग त्यांनी तेच वाक्य पुस्तकाकडे बघून परत म्हटलं.

"कात्रणं कुठं आहेत?" मेहनाजनं विचारलं.

"पोत्यात. दुकानात. रद्दीवाला मंगळवारी येतो."

फैझलनं स्कूटरची किल्ली उचललीही होती.

*

आतल्या खोलीत जैनब पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. दार लोटलेलं होतं, पण या घराच्या दारांनी आजवर कुठलीच गोष्ट आत किंवा बाहेर अडवली नव्हती.

तिला अम्मीचं वाईट वाटलं. दादामियाँचं जास्त वाटलं. आणि या दोन्हींखाली, विहिरीच्या तळाशी पडलेल्या कळशीसारखं, तिचं स्वतःचं होतं.

एकोणीस दिवस. सुरुची मॅडमना भेटून चार दिवस झाले होते, तेव्हा पहिल्यांदा रक्त दिसलं. थोडंसं. वाटलं, परीक्षेच्या ताणाचं असेल. मग रोज. फार नाही, पण रोज. उजवीकडे खाली ती ओळखीची कळ, जिला ती लहानपणी 'खालचा शेजारी' म्हणायची. रोज सकाळी अम्मी बाथरूमच्या दाराबाहेरून विचारायची, "ठीक?" आणि ती आतून म्हणायची, "ठीक." अम्मी कॅलेंडरवर बरोबरची खूण करायची. एकोणीस खुणा.

सांगितलं तर काय होईल, हे तिला पाठ होतं. अम्मी त्याच मिनिटाला सुरुची मॅडमना फोन लावणार. थांबवून घेतील. आणखी सहा महिने भिंतीवर हत्ती-जिराफ काढलेल्या त्या खोलीत, मांडीवर पोरं घेतलेल्या आयांच्या रांगेत. दापोली गेलीच. आणि न सांगता उद्या एकटी आत गेली, तर तिथं बसून पहिल्याच दिवशी नव्या डॉक्टरांशी खोटं बोलायचं? ती मोठी झाल्याचा पुरावा तो?

हूं की चूं नाही. हे तिला चांगलं जमायचं. त्यासाठी सगळ्यांनी तिचं कौतुकही केलं होतं.

बाहेर पोतं रिकामं केल्याचा खसखस आवाज झाला. आणि मग अम्मीचा, शाळेतला, "पंखा बंद करा!"

*

मे महिन्याच्या बाराच्या उन्हात पंखा बंद. फरशीवर कागदाच्या पट्ट्यांचा ढीग, बोटभर रुंद, वीतभर लांब, काही नखाएवढ्या. त्यात दुसऱ्या गिऱ्हाइकांची कात्रणंही मिसळलेली, कुणाच्या तरी प्रबंधाची, कुठल्या तरी सोसायटीच्या इतिवृत्ताची. चौघंजण गुडघ्यांवर. आयेशा फुफीच्या कपाळावरचा घाम टपकला, तो पट्टीवर पडू नये म्हणून तिनं डोकं मागं घेतलं आणि त्या अवस्थेत तिला मनात आलं, साठी उलटलेली मी, भावाच्या घरी रांगतेय. कशासाठी? पोरीच्या पोटासाठी. बरं आहे. याहून वाईट कारणांसाठी माणसं रांगतात.

"'उपमा, दोन घास'," फैझलनं वाचलं. "तारीख नाही."

"तारीख पानावर आहे. पान जुळव."

"'शाळेत गेली. स्वतः.' याचं काय करू?"

मेहनाजनं ती पट्टी त्याच्या हातातून घेतली आणि वेगळी ठेवली. कुठं जुळवायची ते न बघता.

"आपा, तुमच्याकडे काय?"

"'एकवीसशे', आणि पुढं तीन उद्गारचिन्हं. मला वाटतं हे सोसायटीचं. वर्गणीचं असणार."

"ते माझं आहे," दारातून आवाज आला. "पांढऱ्या पेशी. एकवीसशे."

जैनब उभी होती. सुती कुर्ता, केस वर बांधलेले. उंची आत्ता कुठं फुफीच्या खांद्याला लागलेली. आजारानं तिची दोन वर्षांची उंची खाल्ली होती.

"अझाथायोप्रिन," ती म्हणाली. "पन्नास मिलिग्रॅम. मी साडेअकरा वर्षांची. तिसऱ्या आठवड्यात पेशी एकवीसशेवर आल्या आणि मॅडमनी त्याच दिवशी बंद केली. ती गोळी मला पुन्हा कधीही द्यायची नाही. अम्मी, हे मी पहिल्या ओळीत लिहिणार आहे. बाकी सगळं नंतर."

मेहनाजनं फुफीच्या हातातली पट्टी बघितली. एकवीसशे, तीन उद्गारचिन्हं, खाली लाल शाईत 'बंद'.

"हे तुला कसं माहीत?"

"तू लिहिताना मोठ्यानं बोलतेस. फळ्यावर लिहितेस तशी. नऊ वर्षं मी शेजारच्या खाटेवर होते ना."

मग मेहनाजमधली मास्तरीण जागी झाली, की आई, ते फैझलला सांगता आलं नसतं. तिनं ढिगातली एक पट्टी उचलली, मुठीत झाकली. "सगळ्यात आधी काय दिलं?"

"टीबीच्या गोळ्या. क्रोन्स आणि आतड्याचा टीबी सारखेच दिसतात, म्हणून आधी सहा महिने त्या. लघवी नारिंगी व्हायची. मला वाटायचं, मी आतून गाजर होत चाललेय. काही फरक पडला नाही, मग दुर्बीण घातली. दहा वर्षं दोन महिने."

मेहनाजनं मूठ उघडली, वाचलं, पट्टी बाजूला ठेवली. दुसरी घेतली. "हिमोग्लोबिन, सर्वांत कमी?"

"सात पॉइंट दोन. त्या दिवशी मी जिन्यात बसले आणि अब्बूंनी उचलून वर आणलं. अब्बू रडत होते, पण म्हणाले घाम आहे."

"घामच होता," फैझल म्हणाला.

"नुसत्या पावडरीच्या दुधाचे दिवस?"

"आठ आठवडे. तोंडात दुसरं काही नाही. रमजान होता. तुम्ही सगळ्यांनी रोजे धरले होते आणि मी दिवसभर दूध पीत होते, म्हणून मला लाज वाटायची. दादामियाँ म्हणाले, तुझा रोजा आमच्यापेक्षा मोठा आहे, तो संध्याकाळी मगरिबलासुद्धा सुटत नाही." तिनं आजोबांकडे बघितलं. "त्या आठ आठवड्यांत या घरात फोडणी दिली नाही कुणी. वास येऊ नये म्हणून. इफ्तारला उकडलेलं खाल्लं सगळ्यांनी. हे कुठल्याच समासात नाहीये, अम्मी. पण मला माहीत आहे."

दादामियाँ भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या हाताखालून हजारो पुस्तकं गेली होती. कुराण, पोथ्या, कायद्याची बाडं, कुणाकुणाचे प्रबंध. ज्या पुस्तकाची शिवण आतून पक्की असते ते कडेनं कितीही कापलं तरी पान सोडत नाही, हे ते दुकानात काम शिकायला येणाऱ्या पोरांना शिकवत आले होते. आज फरशीवर उभ्या असलेल्या या बारक्या पोरीकडे बघताना त्यांना काही शिकवावंसं वाटलं नाही. नुसतं बघत बसावंसं वाटलं.

"स्टिरॉइड?" मेहनाजचा आवाज आता वेगळा येत होता.

"दोनदा. पहिल्यांदा अकराव्या वर्षी. गाल असे फुगले. आयेशा फुफी बघायला आली आणि म्हणाली, माशाल्ला, पोरगी भरली!"

"मला काय माहीत औषधानं भरली ते!" फुफी लाल झाली. "चार लोकांत सांगशील होय हे?"

"डॉक्टरांना सांगेन. स्टिरॉइडनं कसं दिसतं ते त्यांना कळायला हवं."

"आणि पुढं लग्नाच्या वेळी हेच कागद कुणी बघितले तर? मोठ्यांच्या दवाखान्यात ओळखीचं कुणीही भेटतं, बाई. थोडं कमी लिहावं माणसानं." तोंडानं ती नेहमीचं बोलत होती, पण डोळे तिच्याच नकळत त्या पोरीवर खिळले होते. आपल्या तरुणपणी आपल्याला साधी पाळी चुकली तर कुणाला सांगायचं ते कळत नव्हतं. ही आकड्यांसकट बोलतेय. मान वर करून. आयेशा फुफीनं पदरानं तोंड पुसलं. "जाऊ दे. लिही. 'पोरगी भरली' असं फुफी म्हणाली, म्हणून माझ्या नावासकट लिही. ज्याला बघायचंय त्याला बघू दे. ज्याला चालत नाही त्याच्याकडे आपल्याला पोरगी द्यायचीच नाही."

फैझलनं बहिणीकडे असं बघितलं, जणू पाणी धोक्याच्या पातळीवर आलंय. "आपा, बरी आहेस ना?"

"गप रे. पंखा लाव आता. मेलो आपण."

"कागद उडतील."

"उडू देत," मेहनाज म्हणाली.

पंखा फिरला. नऊ वर्षांच्या पट्ट्या खोलीभर झाल्या, एक दादामियाँच्या टोपीवर जाऊन बसली. कुणी उचलली नाही.

मेहनाज उठली. कपाटातून कोरा ताव काढला, आपलं पेन घेतलं, त्याचं टोपण काढलं आणि स्वतः न बसता ते मुलीच्या पुढं धरलं. "समास सोडून लिही," ती म्हणाली. शाळेत पहिला नंबर काढलेल्या पोरांच्या आया दाराशी कशा उभ्या राहतात, ते ती वीस वर्षं बघत आली होती. आज तिला त्यांच्या जागी उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

*

जैनब जेवणाच्या टेबलापाशी बसून लिहू लागली. लिहिता लिहिता वाचत होती, आईसारखीच, मोठ्यानं. अझाथायोप्रिनची ओळ पहिली. मग टीबी, मग दुर्बीण, दूध, स्टिरॉइड.

"इंजेक्शन, दर दोन आठवड्यांनी, चाळीस मिलिग्रॅम, मांडीत. चौदाव्या वर्षापासून. फ्रिजमधून अर्धा तास आधी काढून ठेवते. गेल्या जूनपासून मीच टोचते."

"हात थरथरत नाही?" फुफीनं विचारलं.

"पहिल्यांदा थरथरला. नंतर अम्मीचा थरथरायचा, म्हणून मी माझा बंद केला."

मेहनाज हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू.

"'मला काय विचारलेलं आवडत नाही' हे लिहू?" जैनबनं विचारलं. "सुरुची मॅडम म्हणाल्या, तेही लिही."

"लिही की."

"'तुझ्या आईला बोलाव, असं म्हटलेलं आवडत नाही. आधी मला विचारा. मला आठवलं नाही तर मीच तिला हाक मारीन. ती बाहेरच असेल.'" तिनं वर बघितलं. "चालेल?"

मेहनाजनं मान हलवली. सकाळपासून ज्या दारावरून ती भांडत होती, त्याच्या बाहेरचा बाक तिनं मान हलवून पत्करला, आणि तो तिला वाटला होता तितका टणक नव्हता.

"झालं मग," फैझल म्हणाला. "अब्बा, हे पान पुस्तकाच्या अगदी पुढं चिकटवा. कापू नका म्हणजे झालं."

दादामियाँसुद्धा हसले. "विचारूनच. समास किती ठेवू, मालक?" त्यांनी नातीला विचारलं.

"एक ओळ राहिलीय," जैनब म्हणाली. "आज मी कशी आहे."

"ती सोपी," मेहनाज ताटं काढता काढता म्हणाली. "लिही, सहा महिने शांत. त्रास नाही. वजन बेचाळीस."

जैनबनं लिहिलं, 'आज मी'. पेन थांबलं.

कुकरची शिट्टी झाली. फुफी दुधी किसायला बसली. फैझल टोपीवरची पट्टी काढून वाचत होता. सगळं घर तिच्यावर खूश होतं. अशा दुपारी नऊ वर्षांत किती आल्या होत्या? अजून एक खूण, अजून एक ठीक, आणि ही दुपार अखंड राहील. उद्याही राहील. दापोलीपर्यंत.

पण वरच्या सगळ्या ओळी खऱ्या होत्या. त्यांच्या खाली ही कशी लिहायची?

"अम्मी, ताटं ठेव जरा," ती म्हणाली. "अब्बू, तुम्हीपण इकडं या. दादामियाँ."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, फुफीची किसणी आपोआप थांबली.

"मला रक्त जातंय. एकोणीस दिवस. रोज. उजवीकडे दुखतं. तू दाराबाहेरून विचारत होतीस तेव्हा मी ठीक म्हणत होते, ते खोटं होतं. सांगितलं असतं तर मला थांबवून घेतलं असतं म्हणून गप्प बसले." तिनं श्वास घेतला. डोळे भरले होते, पण ती थांबली नाही. "आता रडू नका, आणि सुरुची मॅडमना फोन लावू नका. फोन मी लावते. थांबवून घ्यायचं की उद्या जायचं, ते त्या आणि ते डॉक्टर ठरवतील, पण सगळं माझ्याकडून ऐकून. मला भीती वाटतेय, अम्मी. एकोणीस दिवस वाटतेय."